उकिरड्याचे पांग

आमच्या शिराळ्याच्या घरामागे परड्यात एक उकिरडा आहे. दिवाळी अंकातल्या लेखाची सुरुवात उकिरड्याने करावी की करू नये, याचा मी दोन दिवस विचार केला. फराळाची बशी शेजारी ठेवून अंक चाळणाऱ्या वाचकांना हे रुचेल का, अशी शंका मनात होती. पण आमच्याकडे दिवाळीची पहिली पणती तुळशीपाशी लागली, की पुढच्या पाचसात पणत्यांतली एक उकिरड्यावरही जाते. माझी आई ती न चुकता ठेवते. तेव्हा उकिरडा हा दिवाळीला अगदीच परका नाही, असे मनाशी म्हणून मी लेखणी उचलली.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर सुटला, आणि त्या ताटातुटीने दोन्ही पक्षांना आनंदच झाला. 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' ही म्हण मात्र मी वर्षानुवर्षे मुलांना समजावून देत आलो आहे. पांग म्हणजे दैन्य, उणीव. ते फिटणे म्हणजे दिवस पालटणे. मुले वहीत लिहून घेतात, परीक्षेत वाक्यात उपयोग करतात, आणि विसरून जातात. मीही कधी त्या म्हणीकडे निरखून पाहिले नव्हते. ते पाहायला मला गेल्या वर्षी माझ्या पुतणीने लावले.

शिराळा म्हटले, की बाहेरच्या माणसाला नाग आठवतो. बत्तीस शिराळा हे गावाचे रूढ नाव. पूर्वी हा भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे सांगली असे नामकरण झाले. मोरणेचे पाणी, भाताची खाचरे, पश्चिमेला चांदोलीचे रान आणि श्रावणातली नागपंचमी, एवढ्यात आमच्या तालुक्याची ओळख आटोपते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढचे न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांच्या मिरवणुका पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, पण गावाच्या मनातला नाग काही गेलेला नाही. ज्याच्या दाढेत मरण आहे त्यालाच हात जोडावेत, ही आमच्याकडची रीत. सापाच्या विषावरचे औषध करायलाही शेवटी सापाचेच विष लागते. काट्याने काटा काढणे हा नुसता वाक्प्रचार नव्हे, वैद्यकातली ती एक जुनी वाट आहे, हे आम्हां शिराळकरांना निराळे सांगावे लागत नाही.

गेल्या वर्षी आषाढात चार दिवसांची सुटी काढून मी गावी गेलो होतो. पुतणी त्या वेळी कोल्हापूरला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तीही त्याच दिवशी आली. पिशवीत कपड्यांपेक्षा बाटल्याच जास्त.

"काका, मला माती हवीय," ती म्हणाली.

"कुठली?"

"कुठलीही चालेल. पण जरा जिवंत पाहिजे."

मातीला 'जिवंत' हे विशेषण मी कवितेत पुष्कळदा पाहिले होते. विज्ञानाच्या विद्यार्थिनीच्या तोंडून ते प्रथमच ऐकत होतो. मला वाटले, शिराळ्यात जिवंत मातीला काय तोटा! मी तिला मोठ्या उत्साहाने वारुळाकडे नेले. पंचमीला बायका जिथे लाह्या वाहतात, त्या मातीहून पवित्र माती कोणती? तिने माझे मन राखण्यासाठी चमचाभर घेतली. मग खाचराच्या बांधाची घेतली, चिंचेखालची घेतली. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, ठिकाण आणि माती किती खोलीवरून घेतली ते लिहिले. अखेर घराकडे परत येऊन ती पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधून थेट परड्यातल्या उकिरड्यापाशी जाऊन बसली.

आई ओट्यावरून पाहत होती. "अगं ए, काय हुडकतीस त्यात? सोनं पुरून ठेवलंय व्हय तुझ्या आज्यानं?"

"सोनं न्हाई आजी, औषध हुडकतीय."

"उकिरड्यात? मग आमी जल्मभर वैद्याकडं कशाला गेलो!"

आई हसली, मीही हसलो. पुतणी हसली नाही. ती का हसली नाही, हे मला थोड्या वेळाने उमगले.

२०१६ साली आबा गेले. आबा म्हणजे माझे वडील. पायाला खुरपे लागल्याचे निमित्त झाले. मधुमेह होताच. जखम आठ दिवसांत चिघळली, म्हणून शहरातल्या एका रुग्णालयात हलवले. डॉक्टरांनी आपल्या परीने काही कमी केले नाही. जखमेतल्या पुवाची तपासणी झाली आणि एक कागद हाती आला. त्याची घडी अजून माझ्या कपाटात आहे. डाव्या बाजूला औषधांची लांबलचक यादी, आणि उजव्या बाजूला जवळजवळ प्रत्येक नावासमोर एकच इंग्रजी अक्षर, 'आर'. मी भाषेचा माणूस; मला आधी वाटले, आर म्हणजे काही बरेच असेल. डॉक्टरांनी सांगितले, आर म्हणजे रेझिस्टंट. हे औषध या जंतूवर चालत नाही. जंतूचे नाव सुडोमोनास.

पुतणी तेव्हा नववीत होती. तिने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, "मग चालतं काय?" खोलीत आम्ही चौघे मोठे होतो. कोणापाशीच उत्तर नव्हते. पाचव्या दिवशी आबा गेले.

असे जाणारे आबा काही एकटे नव्हेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे, २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली. आपण ताप उतरला की गोळ्या अर्ध्यावर सोडतो, सर्दीलाही मागून अँटिबायोटिक घेतो. कोंबड्यांना आणि जनावरांनाही ती औषधे सर्रास दिली गेली. जे जंतू त्यातून तगले, त्यांचीच पिलावळ वाढली. पेनिसिलिनने सुरू झालेले वैभव आपण असे उधळले.

रात्री जेवणे झाल्यावर मी पुतणीला म्हटले, "मातीत औषध असते हे मान्य. पण उकिरड्यातच का?"

मातीत औषध असते, हे खरोखर मान्यच करायला हवे. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ साली मातीतल्याच एका सूक्ष्मजीवापासून मिळाले. पहिल्या पावसानंतर जो मृद्गंध आपल्याला वेडावतो, तोही बराचसा त्याच कुळातल्या जीवांची करणी. पण पुतणी शोधत होती ते याहून निराळे होते. तिला जंतू मारणारे द्रव्य नको होते, जंतूंना खाणारा जीव हवा होता.

त्याला शास्त्रात बॅक्टेरिओफाज म्हणतात. जिवाणुभक्षक असे आपण म्हणू. हा एक विषाणू. पण त्याचे वैर माणसाशी नाही, गुराढोरांशी नाही, फक्त जिवाणूंशी. आपल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर तो जाऊन बसतो, आपली गुणसूत्रे त्याच्या पोटात सोडतो, आणि मग त्या जिवाणूचे सारे कारभार ताब्यात घेतो. घरात चोर शिरावा, आणि त्याने घरच्याच पिठाच्या पोळ्या घरच्यांकडूनच लाटून घ्याव्यात, तसा हा प्रकार! जिवाणू आपल्या पोटात शत्रूचीच पिले घडवत राहतो, आणि शेवटी फुटतो. त्यातून शंभरेक नवे भक्षक बाहेर पडतात आणि पुढच्या शिकारीला लागतात.

"जिथं जंतूंची दाटी, तिथं त्यांना खाणाऱ्यांचीही दाटी," पुतणी म्हणाली. "वारुळाची माती कोरडी. उकिरड्यात ओल आहे, ऊब आहे, शेण आहे, पालापाचोळा आहे. तिथं जत्रा भरलेली असते, काका." पृथ्वीवरच्या भक्षकांचा शास्त्रज्ञांनी बांधलेला अंदाज म्हणजे एकावर एकतीस शून्ये. एवढी मोठी लोकसंख्या पायाखाली नांदत असताना आपण स्वतःला या भूमीचे धनी समजतो.

या शोधाच्या आरंभाशी आपल्या देशाचाही धागा जुळलेला आहे. १८९६ साली आग्र्याला काम करणारे अर्नेस्ट हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवले, की गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू तीन तासांच्या आत मरतात. तेच पाणी उकळले की तो गुण नाहीसा होतो. हे भक्षकांचेच काम होते काय, यावर तज्ज्ञांत आजही दुमत आहे. पण पाण्यात काहीतरी आहे, ही पहिली कुणकुण अशी लागली. १९१५ साली लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना जिवाणूंच्या थरावर काचेसारखे स्वच्छ डाग पडलेले दिसले. १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या फेलिक्स द'हेरेल यांनी हगवणीच्या रोग्यांत तसाच प्रकार पाहिला आणि त्या अदृश्य जीवाला नाव दिले. त्यातला 'फाज' हा ग्रीक धातू खाणे या अर्थाचा.

हेच द'हेरेल १९२७ साली पटकीवर भक्षकांचा उपचार करून पाहण्यासाठी हिंदुस्थानात, पंजाबात आले होते. त्यांच्या पाठोपाठ आसामात आणि पाटण्याला कित्येक वर्षे हे काम चालले. गुण येतो असे वाटे. पण उपचार घेतलेले आणि न घेतलेले रोगी यांची काटेकोर तुलना न झाल्याने ते निर्विवाद सिद्ध करता आले नाही. तेवढ्यात पेनिसिलिन आले. एकच औषध अनेक जंतूंवर चालते म्हटल्यावर प्रत्येक जंतूचा वेगळा वैरी कोण शोधत बसणार? पश्चिमेने हा मार्ग सोडून दिला. जॉर्जिया देशात तिबिलिसी येथे जॉर्ज इलियाव्हा यांनी १९२३ साली काढलेल्या संस्थेने मात्र तो धरून ठेवला. स्वतः इलियाव्हा १९३७ साली स्टालिनच्या राजवटीत मारले गेले. त्यांची संस्था उरली.

चार दिवसांनी मी माझ्या कामावर परतलो आणि पुतणी बाटल्या घेऊन कोल्हापूरला गेली. तिने भक्ष्य म्हणून निवडला होता क्षयाच्या जंतूचा एक निरुपद्रवी चुलत भाऊ, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस. क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत वाढायला कित्येक आठवडे घेतो आणि धोकादायकही असतो. हा भाऊ दोन दिवसांत वाढतो आणि विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला बरा. १९५४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मातीतून काढलेला एक भक्षक या दोघाही भावांना मारतो, असे दिसले होते. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नव्हती.

पंधरा दिवसांनी तिचा दूरध्वनी आला. आवाज पडलेला. वारुळात काही नाही, बांधावर काही नाही, चिंचेखाली काही नाही, आणि उकिरड्यातही काही नाही. सगळ्या बशा कोऱ्या.

मला वाईट वाटले. पण खरे सांगायचे तर वारुळाचा आणि उकिरड्याचा निकाल बरोबरीत सुटला म्हणून किंचित बरेही वाटले. माणसाचा अहंकार कोठे दडून बसेल, सांगता येत नाही.

चूक मागाहून सापडली. तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिची वही पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "कॅल्शियम कुठं आहे?" या जातीच्या भक्षकांना जिवाणूला चिकटण्यासाठी पाण्यात थोडे कॅल्शियम लागते. कृती उतरवून घेताना तेवढी एक ओळ तिच्या हातून सुटली होती. शिवाय जिवाणूंच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून घालतात ते साबणासारखे द्रव्य तिने शेवटपर्यंत तसेच राहू दिले होते, आणि त्यानेही भक्षकांची पकड सुटते. मी हे आईला फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "चुन्याबिगर पान रंगतंय व्हय कुठं?"

पुन्हा सगळे पहिल्यापासून. आणि श्रावण सरता सरता, एके दिवशी सकाळी सहा वाजता तिचा फोन खणखणला.

"काका, कसर लागली!"

मी झोपेत होतो. मला वाटले, आईच्या पैठणीविषयी बोलते आहे.

गणपतीच्या सुटीत मी मुद्दाम कोल्हापूरला गेलो आणि ती कसर डोळ्यांनी पाहिली. प्रयोगशाळेत शिरताच मला आपले स्वयंपाकघर आठवले. जंतू मारायचे यंत्र म्हणजे एक धिप्पाड प्रेशर कुकर. काचेच्या बशीत थिजवलेला आगर म्हणजे आपला चायना ग्रास. हा आगर प्रयोगशाळेत आला तोच मुळी एका गृहिणीमुळे. १८८० नंतरच्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतले वाल्थर हेस उन्हाळ्यात त्रासून गेले होते. जंतू वाढवायचा जिलेटिनचा थर वितळून जाई. त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी सुचवले, की मी घरी जेली करते त्या आगराने पाहा. तो उन्हात वितळत नाही. आज जगातली प्रत्येक जंतुशाळा त्या बाईंच्या जेलीवर उभी आहे.

कृती पुतणीने मला अशी समजावून दिली. माती जंतूंच्या खाद्यात कालवून हलवत ठेवायची. गाळ खाली बसला, की वरचे पाणी अशा गाळणीतून काढायचे, जिची छिद्रे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाच्या आसपास असतात. जिवाणू वर अडकतात, भक्षक खाली उतरतात. ते पाणी स्मेग्मॅटिस जंतूंमध्ये मिसळून, कोमट पातळ आगरात घालून, बशीवर पसरायचे आणि उबेत ठेवून द्यायचे. दोन दिवसांत जंतूंचा दुधट पापुद्रा बशीभर धरतो. ज्या ठिकाणी एक भक्षक पडला असेल तिथे मात्र त्याचे वंशज शेजारपाजारचे जंतू खात खात पसरतात, आणि पापुद्र्याला गोल भोक पडते.

तिने बशी उजेडापुढे धरली. कसर लागलेल्या तलम वस्त्रासारखी ती दिसत होती. मुगाच्या डाळीएवढी स्वच्छ, गोल भोके. बाटलीवर तिच्या अक्षरात लिहिले होते : 'परडे, उकिरडा, वीतभर खोल.'

"झाले तर मग," मी म्हणालो. "सापडला."

"सापडला नाही, दिसला," ती म्हणाली. "ओळख अजून व्हायचीय."

हे वाक्य मी मनात टिपून ठेवले आहे. आमच्या वाङ्मयाच्या प्रांतात एखादे जुने बाड सापडले की लगेच कवीचे नाव ठरवण्याची घाई होते. इथे एक भोक दिसल्यावर खरे काम सुरू होत होते. एका बशीवर चार जातींचे भक्षक असू शकतात, म्हणून एका भोकातून टोकावर मावेल एवढे उचलायचे, पुन्हा नव्या बशीत वाढवायचे, पुन्हा एक भोक उचलायचे, असे तीनदा. जत्रेतून एकाच माणसाला बोट धरून बाहेर काढावे, तसे. मग मोजणी. भक्षकांचे पाणी दहापट, शंभरपट, हजारपट असे दहा लाख पटींपर्यंत पातळ करत जायचे, आणि त्याचा थेंबभर, म्हणजे मिलिलिटरचा दहावा भाग, बशीत घालून भोके मोजायची. माझ्यासमोर तिने ४६ भोके मोजली. मी कागदावर हिशेब करून पाहिला, कारण माझा विश्वास बसेना : मूळच्या एका मिलिलिटरमध्ये ४६ कोटी!

मग स्वभावपरीक्षा. जिवाणूत शिरल्यापासून तो फुटेपर्यंत किती वेळ लागतो, आणि एका फुटण्यातून किती पिले निघतात, हे घड्याळ लावून पाहायचे. ही रीत एलिस आणि डेलब्रुक या दोघांनी १९३९ साली घालून दिली. उष्णता किती सोसतो, आंबट-तुरट पाण्यात किती टिकतो, हे पाहायचे. भोके स्वच्छ आहेत की धूसर, तेही महत्त्वाचे. काही भक्षक जिवाणूला मारण्याऐवजी त्याच्या गुणसूत्रात घरजावई होऊन राहतात. त्यांची भोके धूसर दिसतात आणि औषध म्हणून ते कुचकामी. आमचा उकिरड्यातला पाहुणा तसा दिसत नव्हता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र आले, तेव्हा त्याचे रूपही दिसले : वर पैलूदार डोके आणि खाली लांब लवचीक शेपूट. पावसाळ्यात डबक्यात बेडकाची पिले वळवळतात, थेट तसा. एवढासा जीव, की लाखभर एका रांगेत उभे केले तरी ती रांग वीतभरही भरणार नाही.

शेवटची परीक्षा गिऱ्हाइकांची. हा आणखी कोणकोणते जंतू खातो? तिने टेबलावर बशा ओळीने मांडल्या होत्या. एकीवर 'सुडोमोनास' असे लिहिलेले मी वाचले, आणि जो प्रश्न मी आषाढापासून मनात वागवत होतो, तो तोंडातून निघून गेला.

"हा आबांना चालला असता का गं?"

तिने ती बशी माझ्यापुढे सरकवली. हिरवट पापुद्रा काठापर्यंत अखंड होता. कोठे टाचणीएवढे भोक नव्हते.

"नाही, काका. याला तो जंतू ओळखतासुद्धा येत नाही."

मी काही बोललो नाही. तीही थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "यांचं असंच असतं. एका कुलपाला एक किल्ली. म्हणून तर किल्ल्यांचा जुडगा जमवायचा. आबांच्या जंतूचीही किल्ली कुठल्यातरी मातीत असेलच. पण ती सापडून, ओळख पटून, जपून ठेवलेली पाहिजे. माणूस खाटेवर पडल्यावर उकिरडा उकरायला वेळ नसतो."

मग तिने मला एक खरी हकीकत सांगितली. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत डर्बन इथे एका विद्यार्थिनीने एका कुजक्या वांग्यातून एक भक्षक काढला. त्याचे नाव ठेवले 'मडी', म्हणजे चिखल्या. कित्येक वर्षे तो अमेरिकेत पिट्सबर्गच्या विद्यापीठात ग्रॅहॅम हॅटफुल यांच्या संग्रहात शीतपेटीत पडून होता. तिथे हजारो भक्षक आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे शिकणाऱ्या मुलामुलींनीच अंगणातल्या मातीतून गोळा केलेले. २०१८ साली लंडनमध्ये फुप्फुसांचे रोपण झालेली एक पंधरा वर्षांची मुलगी क्षयाच्याच भाऊबंदांतल्या एका चिवट जंतूने अंथरुणाला खिळली. औषधे थकली. पिट्सबर्गने आपला संग्रह धुंडाळला. तिच्या जंतूला मारणारा एक निघाला तो हाच वांग्यातला चिखल्या. आणखी दोन घरजावई जातीचे निघाले. त्यांच्या गुणसूत्रात फेरफार करून त्यांना मारेकरी बनवावे लागले. तिघांचे मिश्रण शिरेतून दिले. छातीवरची जखम भरत आली, यकृत सुधारले, अंगावरचे फोड ओसरले, आणि ती मुलगी घरी गेली. २०१९ साली हे प्रसिद्ध झाले.

कृष्णाकाठच्या वांग्यांचे गुण आम्ही सांगलीकर पिढ्यान्‌पिढ्या गातो. पण कुजक्या वांग्याचाही असा उपयोग होईल, हे आमच्या स्वप्नातही आले नव्हते.

वाचकहो, इथे एक सावधगिरीची सूचना दिलीच पाहिजे. हे वाचून कोणी जखमेवर माती लावू नये. मातीत धनुर्वाताचेही जंतू असतात. प्रयोगशाळेतला भक्षक शुद्ध करून, त्यातली विषारी द्रव्ये काढून, रोग्याच्या जंतूशी ताडून पाहिलेला असतो. शिवाय हा रामबाण उपायही नव्हे. २०२२ साली अशाच चिवट जंतूंच्या २० रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली, तेव्हा ११ जणांना गुण आलेला दिसला. जिवाणू भक्षकालाही चुकवायला शिकतात, आणि कधी आपलेच शरीर भक्षकाला परका समजून निकामी करते. आपल्या देशात ही अजून नित्याची मान्यताप्राप्त उपचारपद्धती झालेली नाही. घरात औषधाची गोळी आली, तर ती डॉक्टरांनी सांगितली तितके दिवस घ्यावी आणि न सांगितलेली घेऊ नये, हेच आज तुमच्या आमच्या हाती आहे.

दिवाळीला पुतणी गावी आली, ती एक काम घेऊन. या क्षेत्रात अशी प्रथा आहे, की भक्षकाला नाव ठेवण्याचा मान शोधणाऱ्याचा. "तुम्ही मराठीचे," ती म्हणाली, "तुम्ही सुचवा." मी दोन दिवस कोश चाळून यादी केली : जंतुमर्दन, जीवाणुकेसरी, मृत्तिकामित्र. तिने ती वाचली आणि म्हणाली, "काका, ही नावं आहेत की काढ्याच्या बाटल्या?"

आई जवळच बसून वाती वळत होती. एवढा वेळ ती ऐकते आहे, हे आमच्या लक्षातही नव्हते. "काय सापडलं म्हणतीस ते आपल्या उकिरड्यात सापडलं न्हवं?" तिने विचारले.

"व्हय आजी."

"मग फिटलं की उकिरड्याचं पांग."

पुतणीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. तिने वही काढून एकच शब्द लिहिला : 'पांग'. लहान, परदेशी माणसालाही उच्चारता येईल असा, आणि आमच्या परड्यातला. मी माझी यादी हळूच खिशात घातली.

संध्याकाळी अंगणात पणत्या लागल्या. तुळशीपाशी, उंबऱ्यावर, गोठ्यात. शेवटची एक आईने हातात घेतली आणि परड्याकडे निघाली. तिला अंधारात ठेच लागू नये म्हणून आम्ही दोघेही मागोमाग गेलो. उकिरड्यापाशी ती थांबली.

"तुझ्या आज्याला चाललं असतं का गं ते?" तिने मागे न पाहता विचारले.

इतके दिवस मी हा प्रश्न आईपर्यंत पोचू दिला नव्हता. पुतणीला खोटे बोलता आले असते. ती म्हणाली, "न्हाई आजी. त्यांचा जंतू येगळा हुता."

आई थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"असू दे," ती म्हणाली. "कुणाला तरी चालंल."

आणि वाकून, वारा लागणार नाही अशी जागा पाहून, तिने पणती ठेवली.